पिकअप आणि अ‍ॅव्हरेज वाढवणारे पार्ट: दर्यापूर-अकोट पट्ट्यातल्या गाडीमालकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दर्यापूर, अकोट, अंजनगाव, मूर्तिजापूर या पट्ट्यात गाडीला जे सोसावं लागतं ते पुण्या-मुंबईच्या व्हिडिओत दिसत नाही. पांदणीची धूळ, जिनिंगची रुई, बोअरचं खारं पाणी आणि मे महिन्यात ४५ अंशांच्या वर चढणारा पारा. मोबाइलवर पार्टचा फोटो दाखवत गॅरेजवर येणाऱ्यांना आम्ही जे सांगतो, तेच इथे एकदाचं लिहून ठेवतोय. पार्ट विकला की आम्हालाही चार पैसे सुटतात, तेव्हा जिथे "घेऊ नका" लिहिलंय ते जरा जास्त मनावर घ्या.

माझी गाडी खरंच किती अ‍ॅव्हरेज देते, हे कसं काढायचं?

टाकी फुल करा, नोझल पहिल्यांदा आपोआप बंद पडलं की थांबा. पंपावरच्या पोराला "अजून राउंड फिगर कर" म्हणू नका. मीटरवरचे किलोमीटर लिहून घ्या. तीनचारशे किलोमीटर चालवून परत त्याच पंपावर, जमलं तर त्याच नोझलवर, तसंच भरा. झालेले किलोमीटर भागिले भरलेले लिटर. असं लागोपाठ तीन वेळा करा, कारण एका भरणीचा आकडा फसवा असतो. डॅशबोर्डवर दिसणारा आकडा बहुतेक गाड्यांत थोडा फुगवलेलाच असतो.

हा आकडा हातात नसेल तर कुठलाही पार्ट "लागू पडतो". नवीन वस्तू बसवली की माणूस आठ दिवस गाडी जपून चालवतो, अ‍ॅव्हरेज वाढतं, आणि श्रेय त्या वस्तूला जातं.

धुळीसाठी तो लाल, धुता येणारा परफॉर्मन्स एअर फिल्टर घेऊ का?

आपल्या भागात नको. तेल लावलेला कापडी फिल्टर हवा मोकळी सोडतो हे खरं, पण मोकळी हवा म्हणजे थोडी जास्त धूळही. डांबरी रस्त्यावर हौसेने फिरणाऱ्याला ते चालून जातं. सोयाबीन निघत असताना थ्रेशरच्या बाजूने, कुटार उडत असताना रोज वावरात जाणाऱ्या गाडीला चालत नाही. आत गेलेली बारीक माती सिलिंडरची भिंत आणि पिस्टनच्या रिंगा घासत राहते. दोन वर्षांनी गाडी ऑइल खायला लागते, तेव्हा फिल्टर कुणाला आठवत नाही. शिवाय तो धुऊन झाल्यावर तेल जरा जास्त लागलं, तर ते उडून हवा मोजणाऱ्या एमएएफ सेन्सरवर बसतं. मग ईसीयूला, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरला, हवेचा हिशेबच चुकीचा मिळतो.

कंपनीचा कागदी फिल्टर काही शेकड्यांत येतो. पुस्तकात लिहिलेल्या अंतराच्या निम्म्यात बदला, आणि सोंगणी-मळणीच्या दिवसांत दर पंधरवड्याला उघडून पाहा. कॉम्प्रेसरची हवा मारायचीच तर कमी दाबाने, आतून बाहेर मारा. एक तपासणी घरीच करता येते: फिल्टर काढा आणि त्याच्या पुढच्या, इंजिनाकडे जाणाऱ्या पाइपात स्वच्छ बोट फिरवा. बोट कोरडं नि स्वच्छ निघालं तर ठीक. बोटावर तपकिरी माती आली आणि अंगठ्याने चोळल्यावर करकर वाटली, तर फिल्टर फाटलाय किंवा डब्याचं झाकण नीट बसत नाही. क्लिपा तुटल्या म्हणून तारेने आवळलेली झाकणं आम्ही रोज पाहतो. पन्नास रुपयांची क्लिप वाचवायला इंजिन पणाला लावलेलं असतं.

आणि एक. "फिल्टर चोक झाला म्हणून अ‍ॅव्हरेज पडलं" हे आजच्या इंजेक्शनच्या पेट्रोल गाडीत फारसं खरं नाही. अमेरिकेतल्या ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेने २००९ मध्ये चोक झालेले फिल्टर लावून गाड्या तपासल्या. पिकअप मेला, पण इंधनाच्या खपात म्हणण्यासारखा फरक पडला नाही. कमी हवा आली की ईसीयू पेट्रोलही कमी सोडतो. जुन्या कार्बोरेटरच्या गाडीत मात्र फरक पडतो.

कोल्ड एअर इनटेक (बाहेरची थंड हवा ओढणारा पाइप-फिल्टर) लावला तर उन्हाळ्यात गाडी पळेल का?

यामागचं गणित खरं आहे. २५ अंशांच्या हवेपेक्षा ४५ अंशांची हवा साधारण ६ टक्के विरळ असते, म्हणून मे महिन्याच्या दुपारी साधं, बिनटर्बोचं इंजिन मरगळल्यासारखं वाटतं. पण बाहेरच ४५ असताना पाइप कितीही चकचकीत असला तरी थंड हवा आणणार कुठून? कंपनीचा इनटेकही हवा समोरच्या जाळीतूनच घेतो. उलट स्वस्त किटमध्ये उघडा फिल्टर बॉनेटखाली, इंजिनाच्या वाफेतच बसवतात. आवाज मोठा होतो, बाकी काही नाही.

चिखलदऱ्याच्या घाटात गाडी ओढत नाही ही तक्रारही याच जातीची. चिखलदरा समुद्रसपाटीपासून १,१०० मीटरच्या आसपास आहे. तिथे बिनटर्बोच्या इंजिनाची दहाएक टक्के ताकद हवाच खाऊन टाकते. परतवाड्याहून वर चढताना एक गिअर खाली टाका आणि एसी बंद ठेवा. त्यासाठी पार्ट लागत नाही.

गाडी गरम होते, मेकॅनिकने थर्मोस्टॅट काढून टाकला. आता गरम होत नाही, पण अ‍ॅव्हरेज पडलं. असं का?

या पट्ट्यातला हा सगळ्यात महाग "फुकटचा" उपाय आहे. "काढून टाका नं भाऊ, काहाले पाहिजे थे" असं म्हणत अर्ध्या तालुक्याचे थर्मोस्टॅट भंगारात गेलेत.

थर्मोस्टॅट ही छोटी झडप आहे. इंजिन साधारण ८० ते ९० अंशांपर्यंत तापेस्तोवर ती रेडिएटरकडे जाणारं पाणी अडवून धरते. ती काढली की पाणी पहिल्या मिनिटापासून रेडिएटरमधून फिरतं आणि इंजिन वेळेत तापत नाही. डिसेंबरच्या सकाळी तर दहा किलोमीटर गेलं तरी काटा खालीच. थंड इंजिनाला ईसीयू जादा पेट्रोल पाजत राहतो, कारण त्याच्या लेखी गाडी अजून नुकतीच सुरू झालेली असते. ते पेट्रोल ऑइलमध्ये उतरतं, ऑइल पातळ होतं, आत मळ साचतो. म्हणजे नुकसान नुसतं अ‍ॅव्हरेजचं नाही.

आणि गरम होण्याचं मूळ कारण तसंच राहतं. आपल्याकडे ती कारणं बहुतेक दोन असतात.

पहिलं, पाणी. पूर्णेच्या खारपाणपट्ट्यातलं बोअरचं पाणी रेडिएटरमध्ये टाकलं की क्षार बसतात. इंजिन थंड असताना रेडिएटरचं झाकण उघडा आणि तोंडाच्या आतल्या कडेला नखाने खरवडा. पांढरी-पिवळट खपली निघाली तर तसलीच खपली आतल्या बारीक नळ्यांतही आहे. नुसतं आरओचं पाणी भरूनही भागत नाही, कारण गंज रोखणारं आणि उकळबिंदू वाढवणारं रसायन कूलंटमध्ये असतं. डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट निम्मं-निम्मं, किंवा तयार मिसळलेलं कूलंट. वाटेत पाणी संपलं तर जे मिळेल ते टाका, गाडी घरी आणा, पण घरी आल्यावर ते काढून टाका.

दुसरं, रुई. जिनिंगच्या आवारात, कापूस खरेदीच्या रांगेत तासन् तास उभ्या राहणाऱ्या गाडीच्या एसी कंडेन्सरवर कापसाची उडती रुई बसते, तिच्यावर धूळ, तिच्यावर किड्यांचा चिकटा. समोरून पाहिलं तर सगळं ठीक वाटतं. खरा थर असतो कंडेन्सर आणि त्यामागच्या रेडिएटरच्या फटीत. वरून टॉर्च मारा: गोधडीचा तुकडा शिवून ठेवल्यासारखा करडा पदर दिसेल. वरचे बोल्ट सैल करून दोन्ही थोडे वेगळे करायचे आणि इंजिनाच्या बाजूने बाहेर, साध्या नळीच्या पाण्याने धुवायचं. वॉशिंग सेंटरची प्रेशर गन जवळून मारली तर पंख वाकतात आणि हवा कायमची बंद होते. हे काम झालं की एसीही सुधारतो, फॅनही कमी वेळ चालतो. आमच्या मते या भागात दिवाळीनंतर दरवर्षी एकदा केलेली ही धुलाई कुठल्याही परफॉर्मन्स पार्टपेक्षा मोलाची आहे.

मग थर्मोस्टॅट? नवीन, कंपनीचाच, परत बसवून घ्या.

रिमॅप म्हणजे काय, आणि त्याने खरंच ताकद वाढते का?

टर्बो असलेल्या गाडीत वाढते, आणि चांगलीच वाढते. बाजारात जेवढं काही "पॉवर" म्हणून विकलं जातं त्यातली ही एकच गोष्ट आम्ही खरी मानतो.

ईसीयूमध्ये कोष्टकं असतात: किती आरपीएमला, किती पॅडल दाबल्यावर टर्बोने किती दाब द्यायचा, डिझेल कधी नि किती वेळ सोडायचं. कंपनी ती कोष्टकं हातचं राखून लिहिते. तीच गाडी लडाखलाही जाणार, बनवेगिरीचं डिझेलही पिणार, आणि सर्व्हिसिंगला उशीरही होणार, हे तिने धरलेलं असतं. रिमॅप करणारा ती कोष्टकं बदलून ते राखलेलं वापरायला काढतो. टर्बो डिझेलला वीस-पंचवीस टक्क्यांपर्यंत ताकद वाढणं नवलाचं नाही. स्विफ्ट-डिझायरमधलं जुनं १.३ लिटर डिझेल, ज्याचा २,००० आरपीएमखाली जीव अडकतो, त्याला रिमॅपनंतर ओव्हरटेकला फरक कळतो. बिनटर्बोच्या पेट्रोल गाडीला, म्हणजे वॅगनआर, अल्टो, सँट्रो यांना, पाचसात टक्के मिळाले तरी पुष्कळ. त्यासाठी पैसे घालू नका.

अ‍ॅव्हरेजचं मात्र जपून ऐका. कमी आरपीएमला ताकद मिळाल्याने वरच्या गिअरमध्ये लवकर जाता येतं, म्हणून तोच माणूस त्याच वेगाने चालवेल तर थोडं वाढू शकतं. पण ताकद पायाखाली आल्यावर तोच माणूस त्याच वेगाने चालवत नाही. हिशेब करून पाहा: महिन्याला १,००० किलोमीटर, लिटरला १६ चं अ‍ॅव्हरेज, म्हणजे साडेबासष्ट लिटर. रिमॅपने १० टक्के वाढलं असं उदार मनाने धरलं तर १७.६, म्हणजे साधारण ५७ लिटर. महिन्याला साडेपाच-सहा लिटर वाचले. लिटरला १०० रुपये धरले तरी ५७० रुपयांच्या आसपास. रिमॅपला समजा ३०,००० लागले, तर ते फिटायला चार वर्षांहून जास्त. पिकअपची हौस असेल तर करा, बचतीसाठी करू नका.

करायचाच असेल तर आधी गाडी धडधाकट हवी. क्लच घसरत असेल, टर्बोचा पाइप ऑइल गाळत असेल, इंजेक्टर परतीचं डिझेल जास्त सोडत असतील, तर रिमॅप त्या दुखण्याला आणखी जोर देतो. रिमॅपनंतर सगळ्यात आधी बोंबलतो तो क्लच. करणाऱ्याला विचारा: मूळ फाइल जपून ठेवता का, परत टाकून देता का, करण्याआधी-नंतर गाडी चालवून लॉग घेता का? "सगळ्या गाड्यांना एकच फाइल चालते" म्हणणाऱ्याकडून गाडी परत आणा.

रिमॅपऐवजी स्वस्तातला पॉवर बॉक्स?

तो डिझेल रेलच्या दाबाचा सेन्सर नि ईसीयू यांच्यामध्ये बसतो आणि ईसीयूशी खोटं बोलतो: दाब आहे त्यापेक्षा कमी दाखवतो. ईसीयू बिचारा दाब वाढवतो. गाडी पळते, पण आता खरा दाब किती आहे हे गाडीतल्या कुणालाच माहीत नसतं. काढून टाकता येतो एवढाच त्याचा गुण. आमच्याकडे आम्ही बसवत नाही.

बीएस-६ डिझेलचा डीपीएफ सारखा चोक होतो. काढून टाकला तर पिकअपही वाढेल म्हणतात.

वाढेल, आणि गाडी बेकायदा होईल. डीपीएफ धुरातली काजळी धरून ठेवतो आणि अधूनमधून जास्त तापून ती जाळतो. त्यासाठी गाडी थोडा वेळ सलग, एका वेगाने चालावी लागते. घर ते वावर, वावर ते कृषी केंद्र असं तीन-तीन किलोमीटर चालणाऱ्या गाडीला ती संधीच मिळत नाही. आठवड्यातून एकदा गाडी अमरावती किंवा अकोल्याच्या रस्त्याला काढा, वीस-पंचवीस मिनिटं एक गिअर खाली ठेवून २,००० आरपीएमच्या वर चालवा. दिवा लागलेला असताना गाडी बंद करून उभी करू नका. ज्याचा वापरच असा तुटक आहे त्याने पुढची गाडी पेट्रोल घ्यावी. हे विकत घेताना शोरूममध्ये कुणी सांगत नाही.

ईजीआर (धुराचा थोडा भाग परत इंजिनात सोडणारी झडप) बंद करण्याबद्दलही उत्तर तेच. काजळीने भरला असेल तर काढून साफ करा.

ई-२० पेट्रोल आल्यापासून अ‍ॅव्हरेज पडलं. यावर काही किट किंवा औषध आहे का?

इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा लिटरमागे साधारण एक तृतीयांश कमी ऊर्जा असते. वीस टक्के इथेनॉल मिसळलं की लिटरमधली एकूण ऊर्जा सहा-सात टक्क्यांनी कमी होते. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातही जुन्या, ई-२० साठी न बनलेल्या चारचाकींसाठी सहा-सात टक्के घट धरली होती, आणि ई-२० साठी जुळवून घेतलेल्या गाड्यांसाठी एक-दोन टक्के. १८ देणारी जुनी गाडी १७ देत असेल तर गाडीत बिघाड नाही. १८ वरून १४ वर आली असेल तर मात्र इथेनॉलला दोष देऊन बसू नका, गाडी दाखवा.

नसलेली ऊर्जा बाटलीतलं औषध आणून देऊ शकत नाही. एप्रिल २०२३ पूर्वीच्या गाडीत इंधनाच्या रबरी नळ्या, ओ-रिंग आणि पंपाचं सील यांच्यावर लक्ष ठेवा. नळी मऊ पडलेली, फुगलेली किंवा भेगाळलेली दिसली की बदला. हा खर्च योग्य आहे. इथेनॉल पाणी शोषतं, म्हणून पावसाळ्यात गाडी महिनाभर उभी ठेवायची असेल तर टाकी रिकामी ठेवू नका.

ओबीडीत (डॅशबोर्डखालच्या तपासणीच्या खाचेत) लावायचा फ्युएल सेव्हर, पेट्रोलच्या नळीला बांधायचं चुंबक, टाकीत टाकायच्या गोळ्या, पाण्यावरचं हायड्रोजन किट?

चारही नको.

अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने, ईपीएने, गेल्या काही दशकांत अशी शंभरावर उपकरणं तपासली. बहुतेकांचा काडीचा उपयोग निघाला नाही. हायड्रोजन किटची वीज अल्टरनेटरमधून येते, अल्टरनेटरला इंजिन फिरवतं, इंजिन पेट्रोल जाळतं. जेवढं परत मिळतं त्याहून जास्त तिथेच खर्च होतं. ओबीडीतल्या सेव्हरच्या डबीत बहुधा एक दिवा लुकलुकत असतो, इतकंच.

पण त्याच ओबीडीच्या खाचेत लागणारा साधा ब्लूटूथ स्कॅनर हजाराच्या आत येतो, तो जरूर घ्या. तो काही वाढवत नाही, दाखवतो. कूलंटचं तापमान पाहा: दहा किलोमीटर चालूनही ८० च्या खाली असेल तर थर्मोस्टॅट नाही किंवा उघडा अडकलाय. पेट्रोल गाडीत फ्युएल ट्रिमचे (ईसीयू पेट्रोल किती वाढवतो-घटवतो त्याचे) आकडे सतत १० टक्क्यांच्या वर किंवा उणे १० च्या खाली असतील तर कुठे हवा गळतेय, इंजेक्टर कचरलाय किंवा ऑक्सिजन सेन्सर म्हातारा झालाय. मेकॅनिकला "गाडी ओढत नाही" सांगण्यापेक्षा हे आकडे दाखवा, काम लवकर होतं.

महागडं प्रीमियम पेट्रोल टाकून फरक पडतो?

ऑक्टेन म्हणजे पेट्रोल वेळेआधी पेट न घेण्याची क्षमता. ज्या इंजिनाला ती लागते, म्हणजे जास्त कॉम्प्रेशनचं किंवा टर्बोचं, त्याला उपयोग. साध्या वॅगनआरला नाही. तेवढे पैसे वेळेवर ऑइल बदलायला वापरा.

आपल्याकडे ऊन जास्त म्हणून २०डब्ल्यू-५० असं जाड ऑइल टाकावं, असं जुने मेकॅनिक सांगतात.

जुन्या जीपला, काळी-पिवळीला ते ठीक होतं. आजच्या गाडीत थर्मोस्टॅट जागेवर असेल तर बाहेर ३० असो की ४५, ऑइल शंभरच्या आसपासच राहतं. ग्रेडमधला दुसरा आकडा त्याच १०० अंशांवरचा दाटपणा सांगतो. जिथे कंपनीने ०डब्ल्यू-२० किंवा ५डब्ल्यू-३० सांगितलंय तिथे जाड ऑइल टाकलं तर इंजिनाला ते ढकलण्यातच जोर जातो आणि अ‍ॅव्हरेज उतरतं. पुस्तकात पाहा, तेच टाका.

इरिडियम प्लग?

जास्त टिकतो. जुना प्लग झिजला असेल तर कुठलाही नवीन प्लग लावल्यावर सुधारणा दिसेल. ती नवेपणाची, इरिडियमची नाही.

मोठे टायर आणि अलॉय लावले. अ‍ॅव्हरेज कमी का दिसतं?

दोन कारणं. रुंद, जड टायर फिरवायला खरंच जास्त इंधन लागतं. दुसरं, टायरचा घेर वाढला की चाक कमी वेळा फिरतं आणि मीटर खऱ्यापेक्षा कमी किलोमीटर दाखवतो. स्पीडही कमी दाखवतो, ते जास्त धोक्याचं.

हवेचा दाब ही या सगळ्यातली सगळ्यात स्वस्त गोष्ट. अमेरिकी ऊर्जा खात्याच्या आकड्यांप्रमाणे चारही टायरचा सरासरी दाब १ पीएसआयने उतरला की अ‍ॅव्हरेज सुमारे ०.२ टक्का घटतं. दहा पीएसआय कमी असणं आपल्याकडे अजिबात दुर्मीळ नाही. सकाळी, टायर थंड असताना भरा. दुपारी तापलेल्या टायरचा दाब जास्त दिसतो म्हणून हवा सोडू नका. नायट्रोजन फुकट मिळाला तर घ्या. साध्या हवेतही ७८ टक्के तोच आहे.

पावसाळ्यात पांदणीवरून आल्यावर रिमच्या आतल्या बाजूला काळी माती चिकटून वाळते. मग हायवेला ८० वर स्टिअरिंग थरथरतं आणि लोक अलाइनमेंटला पैसे देतात. आधी आतून माती खरवडून काढा.

कॅरिअर, बुलगार्ड?

रिकामा कॅरिअरही हवा अडवतो, गावात कमी आणि हायवेला जास्त. लग्नसराईपुरता लावा, नंतर उतरवा. बुलगार्डवर केंद्राने २०१७ मध्येच कारवाई करायला सांगितलं आहे. तो एअरबॅगच्या कामात अडथळा आणतो, रेडिएटरसमोरची हवाही अडवतो.

जुन्या डिझेल जीपचा पंप वाढवून घेतला तर?

काळा धूर म्हणजे अर्धवट जळलेलं डिझेल. पंप वाढवून ओढ थोडी येते, पण नळकांड्यातून तुमचेच पैसे बाहेर जातात. त्यापेक्षा नोझल तपासून प्रेशर सेट करून घ्या, टायमिंग बघून घ्या. कॅनमधून आणलेलं डिझेल भरत असाल तर फिल्टरखालचा स्क्रू सोडून पाणी वरचेवर काढा.

सीएनजी किट बसवावं का?

रोज चाळीस-पन्नास किलोमीटरच्या वर धावणारी पेट्रोल गाडी आणि नेहमीच्या वाटेवर सीएनजी पंप, या दोन्ही गोष्टी असतील तर पैसे वसूल होतात. आपल्या भागात पंप मोजके, रांगा लांब, आणि गॅस संपला असा फलक कधी लागेल सांगता येत नाही. गॅस भरायला वाकडी वाट करावी लागत असेल तर राहू द्या. ताकद दहाएक टक्क्यांनी कमी होते, डिकी जाते. २०२२ पासून बीएस-६ पेट्रोल गाडीतही मान्यताप्राप्त किट बसवायला परवानगी आहे. आरसीवर नोंद हवी, विमा कंपनीला कळवायला हवं, आणि सिलिंडरची दर तीन वर्षांनी दाबचाचणी करायला हवी. "नोंद नंतर करू" असं म्हणणाऱ्याकडे बसवू नका.

आरटीओने पकडलं तर काय होतं?

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे आरसीवरचा तपशील कंपनीने ठरवलेल्यापेक्षा वेगळा होईल असा बदल परवानगीशिवाय करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीत आलेल्या कलम १८२ए प्रमाणे नियमबाह्य बदलासाठी मालकाला दर बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतात. फटफट आवाजाचा सायलेन्सर, काढलेला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, काढलेला डीपीएफ हे नजरेला येतात. रिमॅप नजरेला येत नाही, पण अपघातानंतर विम्याच्या दाव्यात किंवा वॉरंटीत अडचण ठरू शकतो.

समृद्धीवर गाडी एकदम जास्त पेट्रोल खाते. काय लावू?

कारंजा लाडला चढून नागपूरपर्यंत १२० ने गेलात तर ८० च्या तुलनेत हवेचा विरोध सव्वादोन पट होतो. यावर कुठलाही पार्ट नाही. ९० ने चला. निघण्याआधी टायर पाहा, कारण काँक्रीटवर उन्हात कमी हवेचा टायर फार तापतो.

माझ्याकडे पाच हजारच आहेत. कशात घालू?

या क्रमाने: कंडेन्सर-रेडिएटरची धुलाई, कूलंट, थर्मोस्टॅट नसेल तर तो, एअर फिल्टर, चारही ब्रेक मोकळे फिरतात का ते. शेवटचं लोक विसरतात. चिखलाने जाम झालेला एक ब्रेक अख्ख्या गाडीला मागे ओढतो. वीस किलोमीटर चालवून चारही चाकांजवळ हात न्या, हात लावू नका, नुसता जवळ न्या. एक चाक बाकीच्यांपेक्षा जास्त धगधगत असेल तर तेच. पैसे उरले तर स्कॅनर.

जुनी डिझेल गाडी घेतोय. रिमॅप केलेली आहे का हे कसं ओळखू?

पूर्ण पॅडलला धूर जास्त सोडते का, चौथ्या गिअरमध्ये कमी वेगात जोर दिला की आरपीएम वाढतो पण गाडी त्या प्रमाणात पुढे जात नाही का, ते पाहा. म्हणजे क्लच संपत आलाय. ईसीयूच्या कव्हरवरचं सील फुटलेलं किंवा कडेला नवीन सिलिकॉन दिसलं तर विचारा. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला सॉफ्टवेअरचा क्रमांक जुळतो का ते तपासून मिळतं. विकणाऱ्याने मूळ फाइल टाकून दिली तर सौदा करायला हरकत नाही. फाइल हरवली म्हणाला तर किमतीतून क्लचचे पैसे कापून घ्या, किंवा दुसरी गाडी पाहा.